पट्टी

सोडली त्याला आज एकशे बारा दिवस.
मोजतोय, कारण या घरात सगळंच मोजलं जातं.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचा हजार,
आणि हजारावर कारखान्यातली छाट.

अंबव्वा दारातच बसते, मांडीवर सूप.
भिजवलेलं तेंदूचं पान, कात्री,
चिमटीभर जर्दा, एक वळसा, दोरा,
नखानं तोंड मुडपलं की झाली.
तिच्या हातच्या मी एकतीस वर्षं ओढल्या.
पानपट्टीवर कधी खिसा उघडला नाही.
विडी घरकुलात पोरं म्हणायची,
नशीब काढलंस बे गुंडेटी,
बायको वळती, तू ओढतो, वर गातो पण.

डॉक्टरीणबाईंनी नळी घालून
माझाच गळा मला टीव्हीवर दाखवला.
दोन पांढऱ्या कडा असतात म्हणाल्या, स्वच्छ.
माझ्या दिसल्या
रात्रभर पाण्यात राहिलेल्या पानांसारख्या,
फुगलेल्या, तांबूस.
"यावर गाता तुम्ही?"
मी म्हटलं, बाई, यावरच टाळ्या घेतल्यात.

चौथ्या दिवसापासून खोकला.
ओढत होतो तेव्हा नव्हता इतका.
सकाळी मोरीत काळं पडायचं,
आणि मी बघत राहायचो,
कुठल्या सालातलं असेल हे.
बोटं जेवतानाही चिमटीतच.
तिसऱ्या आठवड्यात आवाजच गेला.
अंबव्वाशी हातवाऱ्यांनी भांडलो,
ती हसून हसून तेलुगूत काहीतरी म्हणाली,
ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग आला.
पण माझा नव्हता.
पातळ, उभा, धुतलेल्या टॉवेलसारखा,
सतरा वर्षांच्या कुणाचा तरी.
ओळखायला वेळ लागला.
रात्रपाळीला झोप लागू नये म्हणून
जाबरानं मागामागं जाऊन पहिली दिली होती,
त्या रात्रीच्या आधीचा हा पोरगा.
कापसाच्या धुळीत उभा राहून
मागाच्या खटखटीवर गायचा.
तो इतकी वर्षं कुठं थांबला होता?
आणि आता छप्पन्नाव्या वर्षी
ह्याला घेऊन मी जाऊ कुठं?

साखर पेठेतल्या मंडळाचा माणूस
अर्ध्या कार्यक्रमात उठून जवळ आला.
"मामा, घसा बसलाय का?"
नाही, म्हटलं, उठलाय.
"तो खालचा, घोगरा, काळजाला लागणारा?"
तो गेला.
पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा बोलावला.
पोरगा चांगला आहे.
दोन गाण्यांच्या मधे स्टेजमागं जातो,
काडीचा उजेड दिसतो मला इकडून.

फक्त मैनुद्दीन काही बोलला नाही.
परवा पेटी उघडली, भाता ओढला,
आणि न विचारता
पांढरी एक सोडून काळी एक धरली.
एवढीशी जागा. अर्धं बोट.
मी षड्ज लावला.
तो संपेना.
पूर्वी ज्या ठिकाणी दम सुटायचा
ते ठिकाण मागं गेलं, त्याच्या मागचं गेलं,
मैनुद्दीनचा हात भात्यावर दमला,
मी अजून आतच.

आज संध्याकाळी दाराशी बसून तेच केलं.
पत्रे तापलेले, हवेत जर्द्याची धूळ,
ती नाकात जातेच, तिला मी सोडलंय हे माहीत नाही.
अंबव्वा मोजत होती, ओकटी, रेंडू, मूडू,
ओठांतल्या ओठांत, आयुष्यभरासारखं.
सूर वर गेला आणि ती थांबली.
मग चिडली.
"गा की. पण माझा कट्टा चुकला बघ.
परत मोजायला लागतंय."

मोजायला लागली, आणि खोकली.
तिनं जन्मात एकही ओढली नाही.
पदर तोंडाला लावून बराच वेळ
खोल, घोगरा, काळजाला लागणारा,
माझ्या जुन्या पट्टीत.